जुन्या अमेरिकन सिटकॉममधली दुसऱ्या नंबरची माणसं

मधली_आळी

जुन्या अमेरिकन विनोदी मालिकांचा विषय निघाला की गाडी लूसिल बॉल, जॅकी ग्लीसन, अ‍ॅलन अल्डा यांच्यापुढे सरकत नाही. त्यांच्यावर ढिगाने लिहून झालंय. हा धागा त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी. एथेल मर्ट्झ, एड नॉर्टन, बार्नी फाइफ वगैरे मंडळी. नामावलीत दुसरं-तिसरं नाव, पगार कमी, मासिकांच्या मुखपृष्ठावर क्वचित. माझं म्हणणं एवढंच, की या मालिका आजही बघवतात त्या मुख्यतः यांच्यामुळे. पटत नसेल तर भांडा, धागा त्यासाठीच काढलाय.

सुरुवात अर्थात 'आय लव्ह लूसी'पासून (१९५१ ते १९५७). घरमालक फ्रेडच्या भूमिकेसाठी आधी गेल गॉर्डनचा विचार होता, पण तो रेडिओच्या करारात अडकलेला. तेवढ्यात विल्यम फ्रॉलीने स्वतःहून लूसिल बॉलला फोन करून काम मागितलं. वय ६४, सिनेमात शंभरेक किरकोळ भूमिका आणि दारूमुळे इंडस्ट्रीत नाव खराब. लूसिलचा नवरा देसी अर्नाझने त्याला घेतलं, पण दम भरून: खऱ्या आजारपणाशिवाय एकापेक्षा जास्त वेळा गैरहजर राहिलास, तर तुझं पात्र मालिकेतून बाद. फ्रॉलीनेही आपली अट घातलीच. न्यूयॉर्क यांकीज बेसबॉलच्या वर्ल्ड सीरीजमध्ये पोचले की मला सुट्टी! पुढे दारूवरून एकदाही तक्रार आली नाही, बेसबॉलची सुट्टी मात्र त्याने घेतली.

फ्रेडच्या बायकोच्या, एथेलच्या, भूमिकेत व्हिव्हियन व्हॅन्स. देसीने तिला ला होयाच्या रंगमंचावर नाटकात पाहिलं आणि तिथेच पक्की केली. ती फ्रॉलीपेक्षा २२ वर्षांनी लहान. हा म्हातारा माझा नवरा कसा दिसेल, माझा बाप शोभतो, असं ती सेटवर बोलली आणि ते त्याच्या कानावर गेलं. झालं. पुढची सगळी वर्षं दोघं कॅमेऱ्यापुढे कुजकट टोमणे मारायचे आणि कॅमेऱ्यामागे एकमेकांशी जेवढ्यास तेवढं. फ्रेड-एथेलची स्वतंत्र मालिका काढायचं ठरत होतं, तेव्हा फ्रॉली पैशासाठी तयार होता. व्हॅन्सने साफ नकार दिला. ते टोमणे आता पुन्हा बघा, अभिनय किती आणि मनापासून किती ते सांगता येत नाही. व्हॅन्सला एमी (अमेरिकन टीव्हीचं मोठं बक्षीस) मिळालं, साहाय्यक अभिनेत्रीसाठीचं ते पहिलंच. फ्रॉलीला पाचदा नामांकन, बक्षीस शून्य.

दुसरा माझा लाडका म्हणजे 'द हनीमूनर्स'मधला एड नॉर्टन. जॅकी ग्लीसनचा राल्फ हा ब्रुकलिनचा बस ड्रायव्हर, आरडाओरडा करणारा, झटपट श्रीमंतीच्या योजना काढणारा. वरच्या मजल्यावरचा नॉर्टन गटारात काम करणारा आणि त्यात सुखी. आर्ट कार्नीचं काम बघायचं तर नॉर्टनला काहीतरी लिहायला बसवलंय असा प्रसंग शोधा. आधी बाह्या झटकणार, मग हात लांब करून हवेत फिरवणार, बोटं मोकळी करणार, कागदाजवळ पेन नेणार, पुन्हा मागे घेणार, पुन्हा बाह्या. अक्षर एकही नाही. शेजारी ग्लीसन नुसता उभा, चेहरा हळूहळू फुगत चाललाय आणि शेवटी स्फोट. हशा स्फोटावर होतो, पण तिथवर नेणारा कार्नी.

आणि ती नॉर्टनची उड्या मारल्यासारखी चाल! कार्नी दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीत पायाला तोफगोळ्याचा तुकडा लागून जखमी झाला होता. जन्मभर लंगडत चालला. पडद्यावर कळतं का?

तिसरा बार्नी फाइफ. 'अँडी ग्रिफिथ शो' (१९६०-६८) नावाप्रमाणे अँडीचा, गावच्या शेरीफचा. विनोदी माणूस तोच असायचा होता. दुसऱ्याच भागाच्या वेळी त्याने हाताखालच्या डेप्युटीच्या भूमिकेत डॉन नॉट्सला पाहिलं आणि ठरवलं की हसवायचं काम याचं, मी समोर सरळ चेहऱ्याने उभा राहणार. स्वतःच्या नावाच्या मालिकेत असं करायला मोठं मन लागतं. बार्नीला पिस्तूल असतं पण गोळी एकच, आणि तीही शर्टाच्या खिशात ठेवायची, हा अँडीचा हुकूम. त्या एका गोळीवर पाच सीझनभर, म्हणजे नॉट्स मालिकेत होता तोवर, विनोद चालले. नॉट्सला या भूमिकेसाठी पाच एमी, ग्रिफिथला साधं नामांकनही नाही.

आता तुमचे शेजारी सांगा.

---

गवती_चहा

मस्त धागा! माझ्याकडून 'डिक व्हॅन डाइक शो'मधली रोझ मेरी. १९६१ साली टीव्हीवरच्या बायका बहुतेक स्वयंपाकघरात असायच्या, आणि ही सॅली रॉजर्स ऑफिसात दोन पुरुषांच्या बरोबरीने विनोद लिहिते, पगार घेते. मालिका कार्ल रायनरने स्वतःच्या लेखकगिरीवरून बेतलेली. पहिला पायलट (नमुन्याचा भाग) तर 'हेड ऑफ द फॅमिली' नावाने स्वतःलाच नायक ठेवून केला होता. तो विकला गेला नाही, मग नायक बदलून डिक व्हॅन डाइक आला. रोझ मेरी लहानपणी 'बेबी रोझ मेरी' म्हणून रेडिओवर गाजलेली. तिला वाटलं होतं मालिका ऑफिसाभोवती फिरेल. मेरी टायलर मूर आली, लोकांना आवडली आणि घरचे प्रसंग वाढत गेले. बाई त्यावर नाराज होत्या आणि ते त्यांनी लपवलं नाही.

---

खडूस_काका

धागाकर्त्याचा जोश चांगला आहे, पण मुद्दा पटला नाही. फ्रेड-एथेल आज दिसतात ते कुणामुळे? नायक-नायिकेमुळेच. आणि अभिनयामुळे नव्हे, धंद्यातल्या डोक्यामुळे.

१९५१ साली बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट प्रसारित व्हायचे. पश्चिमेकडच्या प्रेक्षकांना मिळायची ती टीव्हीच्या पडद्यासमोर कॅमेरा लावून काढलेली धूसर नक्कल. लूसी-देसीला हॉलिवूड सोडायचं नव्हतं, सिगारेट कंपनीच्या प्रायोजकाला धूसर नक्कल नको होती. तोडगा म्हणून मालिका ३५ मिमी फिल्मवर काढायचं ठरलं. खर्च वाढला, तर यांनी स्वतःचा पगार कमी करून घेतला आणि बदल्यात त्या फिल्मची मालकी मागितली. सीबीएस वाहिनीला वाटलं, एकदा दाखवून झालेल्या भागांचं कोण काय करणार? दिली!

समोर प्रेक्षक, तीन फिल्म कॅमेरे एकदम चालू, आणि तिन्हींना चालेल असा प्रकाश. तो बसवायला 'मेट्रोपोलिस'चा छायाचित्रकार कार्ल फ्रॉइंड आणला. नंतर जे पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं ते हेच. देसीने १९५७ मध्ये ते भाग सीबीएसलाच लाखो डॉलर्सना परत विकले आणि नवरा-बायकोने मिळून आरकेओ स्टुडिओ विकत घेतला. याच आरकेओत ती पगारी नटी होती आणि १९४० साली दोघांची ओळखही तिथल्याच सिनेमाच्या वेळची. पुढे या दोघांच्याच देसिलू कंपनीने 'स्टार ट्रेक' आणि 'मिशन: इम्पॉसिबल' काढलं. तेव्हा फ्रॉली सुट्टीवर बेसबॉल बघत होता असं धरून चाला.

---

मधली_आळी

काका, फ्रॉली १९६० पासून 'माय थ्री सन्स'मध्ये काम करत होता, आणि ते चित्रीकरण देसिलूच्याच आवारात चालायचं :) मालकीबद्दल म्हणता ते सगळं मान्य. पण फिल्म कपाटात असणं वेगळं आणि ती सत्तर वर्षं कुणीतरी मागून बघणं वेगळं. चॉकलेटच्या कारखान्यातला प्रसंग घ्या. पट्ट्यावरून चॉकलेटं सुसाट येतायत, लूसी तोंडात, टोपीत, ब्लाउजमध्ये कोंबतेय. ती एकटी असती तर माकडचेष्टा झाली असती. शेजारी एथेलही तेच करतेय आणि घाबरून हिच्याकडे बघतेय, म्हणून तो प्रसंग झाला.

---

एडिसनकर

मी न्यूजर्सीत. 'हनीमूनर्स' म्हटल्यावर राहवेना. इथे न्यूयॉर्कच्या ११ नंबरच्या वाहिनीवर ते ३९ भाग वर्षानुवर्षं रात्री लागायचे. हो, ३९च! १९५५-५६चा तो एकच सीझन. पुढच्याचा करार हातात असताना ग्लीसननेच थांबवलं, एवढ्या दर्जाचं लिखाण दर आठवड्याला होणार नाही म्हणून. मॅनहॅटनमध्ये पोर्ट ऑथॉरिटीच्या बस टर्मिनलबाहेर राल्फचा पुतळा आहे, ड्रायव्हरच्या वेशात, पोट पुढे. इथल्या कित्येक मराठी लोकांचा रोजचा रस्ता त्याच्यासमोरून.

पण मला सांगायचंय ते त्याच्या बायकोचं, अ‍ॅलिसचं. आधी ही भूमिका पर्ट केल्टन करायची. मॅकार्थीच्या काळात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलाकारांची काळी यादी व्हायची, तीत तिचं नाव आलं आणि तिला बाजूला व्हावं लागलं. मग ऑड्री मेडोज आली. ग्लीसन म्हणाला, फार तरुण, फार देखणी, चाळीत राहणाऱ्या ड्रायव्हरची बायको वाटत नाही. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या फोटोग्राफर बोलावला. विस्कटलेले केस, मेकअप नाही, जुनापाना ब्लाउज. फोटो ग्लीसनकडे पोचले. ही कोण, हीच आपली अ‍ॅलिस, असं तो म्हणाला तेव्हा त्याला नाव सांगण्यात आलं.

खरी गंमत पुढे. तिचा भाऊ वकील. त्याने करारात एक कलम घालून घेतलं: भाग पुन्हा दाखवले तर मोबदला मिळेल. तेव्हा पुनःप्रक्षेपणातून पैसा येतो हे फारसं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. बाई जन्मभर पैसे घेत राहिल्या. वरच्या मजल्यावरची ट्रिक्सी, म्हणजे जॉइस रँडॉल्फ, २०२४ मध्ये ९९व्या वर्षी गेली. त्या ३९ भागांचे तिला असे पैसे कधी मिळाले नाहीत.

---

गवती_चहा

बापरे. म्हणजे लोक रोज बघतायत, जाहिरातींचे पैसे येतायत आणि नटाला काही नाही?

---

एडिसनकर

काही नाही असं नाही, ठरावीक वेळा दाखवेपर्यंत थोडे थोडे मिळायचे, मग बंद. नटांच्या संघटनेने १९७४ च्या करारात ही मर्यादा काढून टाकली. त्यानंतरच्या मालिकांतले नट नशीबवान. साठच्या दशकातले बहुतेक कोरडेच राहिले.

---

कडूलिंब

आमची या प्रांतातली एंट्री वेगळी. नव्वदच्या दशकात केबलवर हिंदीत डब केलेलं 'बिविच्ड' आणि 'आय ड्रीम ऑफ जीनी' बघायचो. नाक हलवून जादू करणारी समॅन्था आणि बाटलीतली जीनी. त्या मालिका साठच्या दशकातल्या आहेत हे कुठे माहीत होतं!

'बिविच्ड'मध्ये समॅन्थाचा नवरा मधेच बदलतो, आठवतंय का? डिक यॉर्कची पाठ एका सिनेमाच्या चित्रीकरणात दुखावली होती, ती कायमचीच. १९६९ मध्ये सेटवर कोसळला आणि परत आला नाही. त्याच्या जागी डिक सार्जंट. ना अपघात, ना प्लास्टिक सर्जरी, ना स्पष्टीकरण. सोमवारी एक नवरा, पुढच्या सोमवारी दुसरा अशातला प्रकार. आपल्या मालिकावाल्यांनी निदान चेहऱ्यावरचं बँडेज सोडण्याचा सीन तरी घेतला असता.

शेजारी म्हणाल तर पडदा सारून चोरून बघणारी ग्लॅडिस क्रॅविट्झ. 'एब्नर! एब्नर!' करत नवऱ्याला बोलावणार आणि तो येईपर्यंत जादू संपलेली. अ‍ॅलिस पिअर्सला कर्करोग झाला होता आणि तशातच ती काम करत राहिली. १९६६ मध्ये गेली, एमी नंतर मिळालं. विसराळू क्लारा आत्या करणारी मॅरियन लॉर्नही १९६८ मध्ये गेली आणि काही दिवसांतच तिला एमी जाहीर झालं. एकाच मालिकेत दोन मरणोत्तर बक्षिसं, दोन्ही धागाकर्त्याच्या 'दुसऱ्या नंबर'च्या बायकांना.

---

सातवा_मजला

'मॅश'चं कुणीच काढलं नाही? कोरियन युद्धातल्या लष्करी रुग्णालयावरची मालिका. कोरियन युद्ध चाललं तीन वर्षं, मालिका चालली अकरा सीझन. २८ फेब्रुवारी १९८३ चा अडीच तासांचा शेवटचा भाग दहा कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

पण धाग्याच्या विषयाला धरून: या मालिकेतून दुसऱ्या नंबरची माणसं कंटाळून निघून गेली. कागदावर हॉकआय (अल्डा) आणि ट्रॅपर (वेन रॉजर्स) हे दोन सर्जन जोडीने नायक होते. हळूहळू सगळं अल्डाकडे झुकलं आणि वेन रॉजर्स तिसऱ्या सीझननंतर बाहेर पडला. निर्मात्यांनी कोर्टात खेचलं तर पठ्ठ्याने करारावर सहीच केलेली नव्हती!

त्याच सुमाराला मॅक्लीन स्टीव्हनसनही सोडून चालला होता, कर्नल ब्लेक करणारा. त्याच्या निरोपाचा भाग मार्च १९७५ चा. कर्नलला घरी जायची परवानगी मिळते, मिठ्या, सलाम, हेलिकॉप्टर. नटांना वाटलं चित्रीकरण संपलं, सेटवर पार्टीची तयारी. तेव्हा मालिकेचा लेखक-निर्माता लॅरी गेलबार्टने शेवटचं पान काढलं, अल्डा सोडला तर बाकीच्यांपासून लपवून ठेवलेलं. शस्त्रक्रियेच्या तंबूत रडार नावाचा कारकून येतो, मास्क न लावता, आणि वाचून दाखवतो की कर्नलचं विमान जपानच्या समुद्रावर पाडलं गेलं, कुणी वाचलं नाही. कुणी काही बोलत नाही, हात चालूच राहतात. मधेच कुणाच्या तरी हातून एक अवजार खाली पडून खणखणतं. ते ठरवलेलं नव्हतं, चुकून पडलं, आणि तसंच ठेवलं. स्टीव्हनसन स्वतः तिथे उभा राहून बघत होता.

---

खडूस_काका

आणि पुढे काय झालं तेही सांगा की. स्टीव्हनसनला स्वतःच्या नावाची मालिका हवी होती. एकामागून एक मिळाल्या, एकामागून एक बंद पडल्या. लोकांना कर्नल ब्लेक आवडतो, मॅक्लीन स्टीव्हनसन नव्हे, हे पुढे त्यानेच मान्य केलं. म्हणजे दुसऱ्या नंबरचा माणूस पहिल्या नंबरला नेला की संपला. डॉन नॉट्सही सिनेमाचा नायक व्हायला गेला आणि शेवटी 'थ्रीज कंपनी'त पुन्हा घरमालक म्हणून शेजारीच झाला. माझा मुद्दा सिद्ध.

---

गवती_चहा

अजिबात नाही, काका! फ्रेझर क्रेनचं काय? 'चिअर्स'मध्ये १९८४ साली थोड्याच भागांसाठी आणलेला मानसोपचारतज्ज्ञ. तो मालिका संपेपर्यंत बारमध्ये बसून राहिला आणि १९९३ मध्ये स्वतःची मालिका घेऊन सिअ‍ॅटलला गेला. ती अकरा सीझन चालली. केल्सी ग्रॅमर वीस वर्षं एकच पात्र करत होता. आणि त्या मालिकेतही भाव खाऊन गेला तो दुसऱ्या नंबरचा, धाकटा भाऊ नाइल्स. मूळ कल्पनेत फ्रेझरला भाऊ नव्हताच. डेव्हिड हाइड पिअर्सचा फोटो बघून, हा तरुणपणच्या ग्रॅमरसारखा दिसतो, म्हणून पात्र तयार केलं.

दुसरं 'द जेफरसन्स'. 'ऑल इन द फॅमिली'मधल्या आर्ची बंकरचे काळे शेजारी, अक्षरशः शेजारी. जॉर्ज जेफरसनची भूमिका निर्माता नॉर्मन लिअरने शर्मन हेम्सलीसाठी राखून ठेवली होती, पण तो ब्रॉडवेवर नाटकात गुंतलेला. मग दोन वर्षं जॉर्ज नुसता उल्लेखात, त्याचा भाऊ दारात येऊन जायचा. १९७५ मध्ये स्वतंत्र मालिका निघाली आणि १९८५ पर्यंत चालली. बायकोचं काम करणारी इसाबेल सॅनफर्ड त्याच्याहून वीसेक वर्षांनी मोठी, जाणवतं का सांगा. १९८१ मध्ये तिला विनोदी मालिकेतल्या प्रमुख अभिनेत्रीचं एमी मिळालं, हा मान मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. दुसरी यायला २०२४ चा समारंभ उजाडला.

---

मधली_आळी

+१. शिवाय काका, स्टीव्हनसनने स्वतःच कबूल केलं म्हणता ते माझ्याच बाजूने जातं. लोकांना पात्र आवडत होतं, तेही दुसऱ्या नंबरचं.

---

बे_एरियातली_मावशी

तुम्ही पुरुष मंडळी नंबर लावत बसा. एकत्र राहणाऱ्या चार वयस्कर बायकांच्या 'गोल्डन गर्ल्स'मध्ये (१९८५-९२) पहिली कोण आणि दुसरी कोण ते सांगा बघू. चौघींनाही एमी मिळालंय.

आईचं, म्हणजे सोफियाचं, काम करणारी एस्टेल गेटी तिच्या 'मुली'पेक्षा, म्हणजे बी आर्थरपेक्षा, वर्षभराने लहान होती. पांढरा विग, सुरकुत्यांचा मेकअप, हातात ती वेताची पर्स, की झाली सिसिलीची म्हातारी. प्रेक्षकांसमोर उभं राहायची तिला धडकी भरायची, संवाद विसरायची, पण टोला मारला की बरोबर वर्मी.

आणि बेटी व्हाइट व रू मॅक्लॅनहन यांना आधी उलट्या भूमिका दिल्या होत्या. बेटीने 'मेरी टायलर मूर शो'मध्ये पुरुषांमागे लागणारी स्यू अ‍ॅन केलेली, म्हणून तशीच ब्लांश तिला. पायलटचा दिग्दर्शक जे सँड्रिच म्हणाला, तेच ते कशाला, अदलाबदल करा. नाहीतर भोळी रोझ आपल्याला मिळालीच नसती.

आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मराठी मैत्रिणी एकत्र राहायचे बेत करतात तेव्हा हीच मालिका डोक्यात असते. सोफिया व्हायला मात्र कुणी तयार नसतं.

---

कडूलिंब

अवांतर: ते खोटं हसू सहन होत नाही हो. तेवढ्यासाठी मी जुन्या मालिका सोडून देतो.

---

सातवा_मजला

सगळीकडे खोटं नाही. 'लूसी', 'ऑल इन द फॅमिली', 'चिअर्स' प्रेक्षकांसमोर झालेल्या. 'बिविच्ड', 'मॅश'मध्ये यंत्राचं हसू. सीबीएसमधल्या चार्ली डग्लस नावाच्या इंजिनिअरने तशी पेटी बनवली होती, बटणं दाबून हवं तसं हसू, खुसखुशीपासून गडगडाटापर्यंत. 'मॅश'वाल्यांना ते नकोच होतं. वाहिनी ऐकेना. शेवटी तडजोड अशी झाली की शस्त्रक्रिया चालू असताना कुणी हसणार नाही. ब्रिटनमध्ये बीबीसीने मालिका हसू काढूनच दाखवली. डीव्हीडीवरही तो पर्याय आहे, तसं बघ, जमेल तुला.

---

नवीन_सभासद_आहे

वाचनखूण साठवली. यातलं काहीच पाहिलेलं नाही. एकच भाग बघायचा तर कुठला?

---

खडूस_काका

चॉकलेटच्या कारखान्याचा. नाव 'जॉब स्विचिंग', सप्टेंबर १९५२. लूसीकडे बघा.

---

मधली_आळी

तोच. एथेलकडे बघा.